उंट परत सी-एकवर

यंत्राला हात नव्हते, म्हणून माझे घेतले.
अल ऐनच्या हॉटेलातला तळघरातला हॉल,
समोर ग्रँडमास्टर ओतार ग्वेलेसियानी, बाह्या दुमडून,
आणि माझं काम एवढंच :
पडद्यावर उमटेल ती खेळी पटावर करायची,
घड्याळ दाबायचं, चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही.
नववीला गणित शिकवते मी. चेहऱ्याचं मला जमतं.

बाविसाव्या खेळीला त्याने एच-प्यादं घरभर पुढे ढकललं.
आमचा उंट जी-पाचवर, त्याच्या घोड्याला जखडून बसलेला.
आता मारायचं, नाहीतर एखादं घर सरकायचं.
पडद्यावर आलं : उंट सी-एक.

मी दोनदा वाचलं.
सी-एक, म्हणजे डाव मांडताना तो जिथे उभा होता ते घर.
हात उंटापाशी गेला आणि थांबला.
चार सेकंद. घड्याळात ते यंत्राच्या नावावर पडले.

मागे कुणीतरी हसलं.
उंटावरचे शहाणे पहिल्या रांगेत पुष्कळ होते.
ओतार हसला नाही. पाण्याचा पेला उचलला,
न पिता ठेवला. एकोणतीस मिनिटं.
मग जी-प्यादं पुढे टाकलं, जोरात,
चूक पकडलेल्या माणसासारखं.

शुक्रवारी रात्री मुवैजीतल्या घरी मी पट मांडला.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
एफ-चारवर उंट ठेवून पाहिला : तेच जी-प्यादं त्याच्या अंगावर येतं.
ई-तीनवर ठेवला : पुढे हत्तीला तिथूनच बाजूला वळायचंय, वाट अडते.
डी-दोन : ती जागा वजिराला लागणार.
एच-चार : प्यादी हाकत हाकत त्याला कोपऱ्यात नेतात.
उरलं सी-एक.
पहाटे अडीचला मला सगळं कळलं होतं
आणि ते सगळं माझं होतं.
यंत्राने फक्त एक आकडा दिला होता,
शून्य पूर्णांक काहीतरी, अडतीस खेळ्या खोल जाऊन.

मुलांना मी सांगते, उत्तर बरोबर आहे,
पायऱ्या कुठेत? अर्धे गुण.
इथे पायऱ्या मी लिहीत बसले होते,
दुसऱ्याच्या वहीत, दुसऱ्याच्या उत्तराखाली.

घरी परतण्याबद्दलही एक ओळ सुचली होती,
सतरा वर्षं इथे काढलेल्या कुणालाही सुचेल अशी.
खोडली. उंटाला घर आठवलं नव्हतं.
खल्फान, स्पर्धेचा सचिव, ज्याच्या काकांचे उंट बाजारात उभे असतात,
तो म्हणाला, उंट परत येत नाही, पाण्याकडे जातो.
तंबू आपण तिथे ठोकलेला असतो, म्हणून आपल्याला वाटतं परतला.
त्याच्या भाषेत ऐन म्हणजे झरा, आणि डोळाही.
माझ्या भाषेत ऐन म्हणजे नेमका तो क्षण,
जेव्हा हात थांबायला नको असतो.

कारण चौतिसाव्या खेळीला तो उंट उठला,
एका दमात तिरका, सी-एकवरून थेट जी-पाच,
जिथून हाकलला होता त्याच घरात, तिथलं प्यादं मारून.
ओतारने पटावर नीट पाहिलं आणि हात पुढे केला.
माझ्याकडेच करावा लागला. दुसरा हात नव्हताच.

लिफ्टपाशी त्याने विचारलं,
तेविसाव्या खेळीला तुम्ही का थांबलात?
मी म्हटलं, मला वाटलं, पडदा चुकला.
तो बराच वेळ मान हलवत राहिला.
"मलाही तेच वाटलं. तुमच्यामुळे.
एकोणतीस मिनिटं मी खेळी नाही, तुमचा हात तपासत होतो.
त्या टेबलावर वाचता येईल असं तेवढंच होतं."

लिफ्ट आली. त्याने मला आधी जाऊ दिलं.
रविवारी नववी-ब च्या वह्या तपासताना
एका मुलीचं उत्तर बरोबर होतं, पायरी एकही नव्हती.
लाल पेन चार सेकंद हवेत राहिलं.